लंडनला उतरायचं कुठं?

परगावी मुक्कामाला जायचं म्हटलं की आपल्याला आधी नातेवाईक आठवतात. पुण्याला मावशी असते, मुंबईला चुलत दीर असतात, पंढरपूरला ठरलेला मठ असतो आणि शिर्डीला भक्तनिवास. लग्नकार्याला गेलो तर एका सतरंजीवर दहाजणी आडव्या होतो आणि पहाटेपर्यंत गप्पा मारतो. पैसे मोजून हॉटेलात राहणं म्हणजे उधळपट्टी, अशीच आपल्या घरांतली समजूत. त्यामुळे प्रवासखर्च मांडताना तिकीट आपण पैशापैशापर्यंत मांडतो, पण मुक्कामाचा आकडा वेगळा काढायची आपल्याला सवयच नसते.

हल्ली मात्र दौंड-शिरूरसारख्या गावांतूनही मुलंमुली इंग्लंडला शिकायला जाऊ लागली आहेत. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे रांजणगावच्या कारखान्यात, कुणी शिक्षक, कुणी ऊसवाले. बँकेचं कर्ज काढून मुलाला पाठवलेलं असतं. वर्ष-दीड वर्षानं मुलाचा फोन येतो, "पदवीदान समारंभ आहे, तुम्ही दोघंही या." पुष्कळ विद्यापीठांत एका विद्यार्थ्यामागे दोन पाहुण्यांना प्रवेश असतो, म्हणजे आईबापांचीच सोय. फोन ठेवला की घरात पहिलं वाक्य निघतं, "एकानं जाऊन यावं. दोघांचा खर्च कशाला?" तो 'एक' कोण, हे बायकांना सांगायला नको.

माझ्या शिरूरच्या थोरल्या जाऊबाईंकडे नेमकं हेच झालं. मुलगा लंडनला एम.एस्सी. झाला, समारंभ जुलैत. भाऊजी म्हणाले, "मी जाऊन येतो, तू फोटो बघ." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीतच. पण मुक्कामाची चौकशी माझ्याकडे आली, कारण मी बी.ए. झालेली, इथं दौंडला शाळेत अर्धवेळ शिकवते आणि इंग्रजी वाचून अर्थ लावू शकते. एक दोनशे पानी वही घेतली आणि महिनाभर तेच केलं. त्यात जे हाती लागलं ते आपल्यासारख्या घरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकते. इंग्लंडमधल्या साध्या हॉटेलांत भाडं खोलीचं असतं, माणसांचं नव्हे. दोघांची खोली एकट्यानं घेतली तरी बहुधा तेवढेच पैसे पडतात. म्हणजे भाऊजी एकटे गेले असते तरी खोलीचा सगळा खर्च होणारच होता, आणि दुसरी उशी तशीच रिकामी राहिली असती.

हिशेब कसा मांडला ते सांगते. २०२५ साली पौंडाचा भाव साधारण एकशेपाच ते एकशेवीस रुपयांच्या दरम्यान फिरत होता. मी सरळ एकशेवीस धरला. हिशेबात भाव चढा धरावा, मग शेवटी हाताशी चार पैसे उरतात. लंडनमध्ये मध्यवस्तीच्या थोडं बाहेर, साखळी हॉटेलातली दोघांची खोली जुलैत रात्री शंभर पौंड धरली. सहा रात्रींचे सहाशे पौंड, म्हणजे बहात्तर हजार रुपये. हा झाला खोलीचा आकडा, एकटा असो की दोघं.

माणशी खर्च तो वेगळा. विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट पंच्याहत्तर हजार धरलं. व्हिसाची फी २०२५च्या एप्रिलपासून १२७ पौंड झाली होती, म्हणजे पंधरा हजारांवर. ती वेळोवेळी वाढते, तेव्हा अर्जाच्या वेळी पुन्हा बघावी. खाण्याचे रोज पंधरा पौंड, शहरातल्या प्रवासाचे रोज नऊ पौंड, असे सात दिवस. बेरीज माणशी एक लाख दहा हजारांच्या आसपास आली.

भाऊजींनी मनात काय धरलं होतं? एकट्याचे एक लाख ब्याऐंशी हजार, तर दोघांचे त्याच्या दुप्पट, तीन लाख चौसष्ट हजार. प्रत्यक्षात दोघांचे होतात दोन लाख ब्याण्णव हजार. फरक बहात्तर हजारांचा, आणि तो फक्त खोलीचा. एक लाख दहा हजार काही थोडे नाहीत, हे मी मान्य करते. आपल्याकडे तेवढ्यात स्वयंपाकघर नवं होतं. पण दुप्पट आणि दीडपट यांत फरक आहे, आणि निर्णय करायचा तर खऱ्या आकड्यावर करावा. वही बघून जाऊबाई म्हणाल्या, "निम्मे माझ्या भिशीतून घे म्हणावं." एवढंच बोलल्या. भाऊजींनी वही पुन्हा मागून घेतली.

मुलाच्या खोलीवर का नाही?

हा प्रश्न सगळेच विचारतात. मुलगा तिथं आहे, मग हॉटेल कशाला? विद्यापीठाच्या वसतिगृहात पाहुण्यानं किती रात्री राहावं याचे नियम असतात, आणि आईबाप दोघं आठवडाभर हे त्यात सहसा बसत नाही. शिवाय समारंभ होईपर्यंत पुष्कळदा खोलीचा करार संपलेला असतो आणि मुलगा चार-पाच जणांत भाड्याच्या घरात राहात असतो. तिथं एकच न्हाणीघर, आणि सकाळी सगळ्यांना कामावर जायची घाई. तुम्ही गेलात तर तो जमिनीवर झोपेल हे खरं, पण बाकीच्यांनी काय करायचं?

मग ओळखीपाळखी निघतात. "अहो, तो अमक्याचा मेहुणा तिकडेच आहे ना?" आहे खरा. पण त्याच्याकडे नवराबायको दोघंही नोकरी करतात, घरी कामाला बाई नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात दोन मुलं आहेत. एक रात्र, एक जेवण ठीक. सहा रात्री म्हणजे त्या माउलीच्या जिवाला घोर. आपल्याकडे असे पाहुणे आले की आपल्याला काय वाटतं, ते आठवून पाहावं. माझं स्पष्ट मत, की ओळखीच्या घरी जेवायला जावं आणि झोपायला स्वतःच्या खोलीवर यावं. त्यानं नातं टिकतं.

एक काळ असा होता की लंडनला उतरणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न एका बाईनंच सोडवून दिला होता. राधाबाई वनारसे, म्हणजे 'लंडनच्या आजीबाई'. विदर्भातल्या खेड्यात जन्मलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पहिला नवरा गेला, पदरात मुली. दुसरं लग्न लंडनला राहणाऱ्या वनारशांशी झालं आणि ती त्या परक्या मुलखात येऊन पडली. पुढे तेही गेले. तेव्हा पोळ्या लाटून, भाजी-आमटी करून तिनं स्वतःची खाणावळ उभी केली. गोल्डर्स ग्रीन भागात हूप लेनवर तिचं घर होतं. शिकायला आलेली मुलं, कामाला आलेली माणसं, कार्यक्रमाला आलेले कलावंत तिथं उतरत आणि घरचं जेवत. डॉ. सरोजिनी वैद्य यांनी 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची' या पुस्तकात तिचं सगळं आयुष्य लिहिलं आहे. वाचनालयात मिळालं तर जरूर आणा.

हे मी मुद्दाम सांगते आहे. जाऊबाईंची दुसरी अडचण हीच होती, "मला इंग्रजी येत नाही, मी तिथं काय करू?" जी बाई सही करायलाही अडत होती तिनं त्या गावात घरं चालवली. आपल्याला तर फक्त सहा रात्री राहायचं आहे.

खोलीचे प्रकार

आज आजीबाईंची खाणावळ नाही. पण साधी, स्वच्छ आणि परवडणारी जागा मिळण्याचे तीन-चार मार्ग अजून आहेत.

पहिला, साखळी हॉटेलं. प्रीमियर इन आणि ट्रॅव्हलॉज ही तिथली दोन मोठी नावं, जवळजवळ प्रत्येक शहरात सापडतात. खोली सगळीकडे साधारण एकसारखी असते. पलंग, स्वतंत्र न्हाणीघर, चहाची किटली, टीव्ही. फ्रिज बहुधा नसतो. भाव मात्र आपल्या मंडईतल्या टोमॅटोसारखा, आज एक नि उद्या दुसरा. चार महिने आधी घेतलेली खोली आणि आठ दिवस आधी घेतलेली तीच खोली यांत दुपटीचाही फरक पडू शकतो. शनिवारची रात्र बहुतेकदा महाग. वेम्ब्लीच्या मैदानावर फुटबॉलचा मोठा सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम असेल त्या दिवशी त्या भागातले भाव आकाशाला भिडतात. तुमची तारीख ठरली की त्या दिवशी गावात आणखी काय आहे हे मुलाला बघायला सांगावं.

दुसरा मार्ग मला स्वतःला फार आवडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी असतात, आणि त्यांतल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारखी नावाजलेली संस्थासुद्धा आपली वसतिगृहं अशी सुट्टीत उघडते. जागा अगदी मोक्याच्या. खोली लहान, पलंग अरुंद, काही ठिकाणी न्हाणीघर सामाईक. पण काही वसतिगृहांत सामाईक स्वयंपाकघर असतं, आणि आपल्यासारख्यांना ते सोन्यासारखं. सकाळी पोहे नाहीतर उपमा, रात्री खिचडी. दोघांचे एका वेळचे वीस पौंड वाचले तर तो खोलीच्या भाड्याचा पाचवा हिस्सा झाला. सप्टेंबर अखेरीस मुलं परत येतात आणि ही सोय बंद होते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच हा विचार करावा.

तिसरा, इंडियन वाय.एम.सी.ए. लंडनच्या अगदी मध्यात, फिट्झरॉय स्क्वेअरला. १९२० साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी ही संस्था सुरू झाली. आता इतर पाहुणेही तिथं उतरतात आणि भारतीय जेवण मिळतं. इथं भाव बघताना एक काळजी घ्यावी. आकडा वरवर मोठा दिसतो, पण त्यात नाश्ता आणि जेवण कोणकोणत्या दिवशी धरलं आहे ते नीट वाचावं, आणि ते वजा करून मगच दुसऱ्या हॉटेलाशी तुलना करावी. नुसत्या खोलीचा भाव आणि जेवणासकट भाव हे शेजारी मांडून "हे महाग बाई" म्हणणं म्हणजे गूळ आणि पुरणपोळीचा भाव एका तराजूत तोलणं.

यूथ हॉस्टेलही आहेत. तिथं पलंगाप्रमाणे भाडं, म्हणजे माणशी. एका खोलीत सहा-आठ अनोळखी माणसं, वरखाली पलंग. कॉलेजातल्या मुलींना मजा वाटेल, पन्नाशीतल्या गुडघ्यांना नाही. मात्र काही हॉस्टेलांत दोघांची स्वतंत्र खोलीही मिळते आणि बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर असतं, म्हणून नुसत्या नावावरून नाक मुरडू नये.

राहिली ती घरगुती 'बेड अँड ब्रेकफास्ट'. जुन्या उंच घरात मालकीणबाई खोल्या देतात आणि सकाळी नाश्ता घालतात. ऐकायला छान. पण शंभर-सव्वाशे वर्षांच्या घरांना लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात, आणि तिसऱ्या मजल्यावर तेवीस किलोची बॅग कोण चढवणार? नाश्त्यात अंडी आणि डुकराचं मांस असतं. शाकाहारी म्हणून आधी कळवलं तर भाजलेले टोमॅटो, गोडसर घेवडा आणि टोस्ट मिळतो.

खोली कुठलीही घ्या, चार गोष्टी पैसे भरण्याआधी वाचायच्या. लिफ्ट आहे का. न्हाणीघर खोलीला जोडून आहे की सामाईक. खिडकी आहे का, कारण स्वस्त खोल्यांपैकी काही तळघरात असतात आणि काहींना खिडकीच नसते. आणि पलंग एकच की दोन वेगळे. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन सुटे. आधी राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय तेही वाचावं, आणि त्यात 'बेडबग' हा शब्द दिसला की पुढे जावं. ढेकूण विलायतेतही असतात बरं का!

स्वस्त जागा लांब असते

मी सुरुवातीला शहराबाहेरच्या जागा काढत होते, कारण भाव कमी. मग मुलानं सांगितलं की लंडनची आगगाडी भागांवर चालते. मध्यभाग म्हणजे पहिला झोन, मग बाहेर-बाहेर दुसरा, तिसरा असं. हीथ्रो विमानतळ सहाव्यात. जितके झोन ओलांडाल तितकं भाडं. पण दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. २०२५ साली पहिल्या दोन झोनमध्ये दिवसभर कितीही फिरलं तरी ८.९० पौंड, आणि सहाव्या झोनपर्यंत १६.३० पौंड.

आता बघा. लांबची खोली रात्री सत्तर पौंड, जवळची शंभर. वाटलं, तीस पौंड वाचले. पण दोघांच्या प्रवासाचे रोज साडेसतरा-अठरा ऐवजी साडेबत्तीस पौंड जातात, म्हणजे पंधरा तिथंच गेले. उरले पंधरा, आणि त्यापायी रोज दोन तास गाडीत. दौंडहून पुण्याला रोज लोकलनं जाणाऱ्या नोकरदार बायकांना विचारा, दोन तासांची किंमत काय असते ते. मी मधला मार्ग काढला. वेम्ब्ली, हौन्सलो हे भाग मध्यापासून लांब, पण आपल्या माणसांच्या वस्तीचे. वाणसामान मिळतं, शाकाहारी थाळी मिळते. हौन्सलोला तर २०१० साली दोन मुंबईकर मित्रांनी वडापावचं दुकान काढलं, ते चांगलं नावारूपाला आलं. शिवाय हीथ्रोहून हौन्सलोला थेट गाडी आहे, पहिल्या दिवशी सामान घेऊन लंडन पालथं घालावं लागत नाही.

समारंभ मध्यवस्तीत असेल तर मात्र त्याच्या आदल्या रात्रीपुरती तरी खोली जवळ घ्यावी असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. एका रात्रीसाठी सगळं सामान उचलून जागा बदलायची, म्हणजे अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा त्या दिवशी तासभर आधी निघावं.

बसनं फिरलं तर आणखी स्वस्त. २०२५ साली एका फेरीचं भाडं १.७५ पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसऱ्या बसा बदलल्या तरी जास्तीचे पैसे पडत नाहीत. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, कार्डच लागतं. आणि ते प्रत्येकाचं वेगळं. नवऱ्याच्या एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. जाऊबाईंना त्यांच्या नावाचं कार्ड आयुष्यात पहिल्यांदा या निमित्तानं मिळालं.

पाहण्यासारखं पुष्कळ फुकट आहे. ब्रिटिश म्युझियम, विज्ञानाचं म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांना प्रवेशमूल्य नाही. शिवरायांची म्हणून जी वाघनखं २०२४ साली साताऱ्याला प्रदर्शनासाठी आणली, ती या शेवटच्या म्युझियममधलीच. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येईल अशा किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहात होते, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनानं ते विकत घेतलं. लंडनमधले त्यांचे ते दिवस किती अर्धपोटी गेले, रात्री पापडांवर कशी भूक भागवली, हे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. परवडणाऱ्या खोलीच्या शोधात निघालेल्यांनी ते घर बघून यावं. मराठी मंडळींना भेटायचं तर १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल भागात आहे.

न्हाणीघर आणि किटली

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तिथल्या न्हाणीघरात जमिनीला पाणी जायला मोरी नसते. टबात उभं राहायचं, पडदा टबाच्या आतल्या बाजूला सोडायचा आणि मगच नळ सुरू करायचा. पडदा बाहेर राहिला तर पाणी थेट खोलीत, कधी खालच्या मजल्यावरसुद्धा. शौचालयात तांब्या नाही, फवारा नाही, नुसता कागद. एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाकायचा, लाजायचं काही कारण नाही. बादलीचाही पत्ता नसतो, तेव्हा धुणं बेसिनमध्ये आणि वाळत घालायला दोरी नि चिमटे आपले.

खोलीत स्वयंपाक करायला मनाई असते. धूर झाला की छतावरचं यंत्र कर्णकर्कश वाजू लागतं. उदबत्तीनंही वाजू शकतं, म्हणून सकाळची पूजा हात जोडून करावी. किटली मात्र असते. उकळतं पाणी घातलं की होणारे पोहे, उपमा, शिरा यांची घरी भाजून केलेली पाकिटं न्यावीत. रवा खमंग भाजायचा, फोडणी कोरडी करायची, मीठ-साखर घालून गार झाल्यावर पिशवीत भरायचा. डब्यात काढून वर उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. दोघांचा सकाळचा नाश्ता झाला, हॉटेलच्या नाश्त्याचे पैसे वाचले. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या विकत घेऊ नयेत.

सामानात दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस हे इंग्लंडात नेता येत नाही. म्हणजे मुलासाठी पेढे, खवा, साजूक तूप हे सगळं मनातच ठेवायचं. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कोरडे मसाले न्यावेत. आमच्या जाऊबाईंना तुपाचं फार वाईट वाटलं. प्लगला तीन चौकोनी टोकांची पिन लागते, ती पुण्यात मिळते.

इंग्रजीची भीती जावी म्हणून मी त्यांना पाच वाक्यं देवनागरीत लिहून दिली. 'वुई हॅव अ बुकिंग.' 'इज देअर अ लिफ्ट?' 'कॅन वुई लीव्ह अवर बॅग्ज हिअर?' 'नो मीट, नो फिश, नो एग, प्लीज.' आणि 'प्लीज स्पीक स्लोली.' यातलं तिसरं वाक्य पहिल्याच दिवशी लागतं. खोली दुपारी तीनच्या सुमारास ताब्यात मिळते, आणि विमान पहाटे किंवा सकाळी पोचलं तर रात्रभर जागलेल्या माणसांनी तोवर बॅगा घेऊन बसायचं कुठं? काही हॉटेलं सामान ठेवून घेतात, काही घेत नाहीत. आधीच विचारून ठेवावं, किंवा दुपारी उतरणारं विमान बघावं.

पैसे कधी भरायचे?

शेवटची पण नाजूक गोष्ट. व्हिसासाठी हॉटेलचं पैसे भरलेलं बुकिंग लागतंच, असं एजंट सांगतात. तसं नाही. अर्जात कुठं राहणार आणि अंदाजे खर्च किती एवढं लिहावं लागतं. उलट व्हिसा हातात पडेपर्यंत राहण्या-जाण्याचे पैसे भरू नका, असंच तिथल्या सरकारच्या सूचनांत म्हटलेलं आहे. मग भाव चढले तर? त्यासाठी रद्द करता येणारं बुकिंग करावं. एकाच खोलीचे दोन भाव दिसतात. एक स्वस्त, पण पैसे परत नाहीत. दुसरा थोडा चढा, पण ठरलेल्या वेळेपर्यंत रद्द करता येतो. व्हिसा येईपर्यंत दुसराच घ्यावा. आला की पुन्हा भाव बघावेत. स्वस्तातली खोली मिळत असेल तर ती आधी पक्की करून मगच जुनी सोडावी, उलट क्रमानं कधीही नाही.

दाखवलेल्या भावात तिथला कर धरलेला असतो. काही शहरांत रात्रीमागे थोडी जास्तीची आकारणी असते. मँचेस्टरच्या मध्यभागात २०२३ पासून खोलीमागे एक पौंड, लिव्हरपूलला २०२५ पासून दोन पौंड. लंडनबाहेरच्या विद्यापीठात समारंभ असेल तर आणखी एक लक्षात ठेवावं. त्या आठवड्यात गावातली सगळी हॉटेलं भरतात, कारण शेकडो आईबाप एकदमच येतात. तेव्हा तारीख कळली त्याच दिवशी खोली धरावी, किंवा गाडीनं अर्ध्या तासावरचं शेजारचं गाव बघावं. हिवाळ्यातले समारंभ असतात तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात, पण डिसेंबरात दुपारी चारच्या आतच अंधार पडतो, आणि पंचवीस डिसेंबरला लंडनमध्ये आगगाड्या, भुयारी गाड्या, बस काहीच चालत नाही. त्या दिवशी विमानातून उतरू नये.

बुकिंग फुकट रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल शाईनं लिहून ठेवावी. ती वेळ लंडनची असते. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे जुलैत त्यांच्या दुपारी एकची मुदत आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला संपते. शिरूरच्या कालनिर्णयवर जाऊबाईंनी दोन्ही वेळा लिहून ठेवल्या आहेत, आणि त्याखाली पासपोर्टसाठी पुण्याला जायची तारीख, दोघांची.